खिडकीपाशी उभी सिस्टर

भिंगार,
३ फेब्रुवारी २०२५

चि. शॅरनला,
आत्याचा सलाम.

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे धड आहेत, तुझ्या पप्पांचा गुडघा सोडला तर. पण यापुढे या विषयावर मोबाईलवर एक अक्षर लिहायचं नाही, असं मी ठरवलंय. तिथं लिहिलेलं कुणाच्या हातात जाऊन पडेल याचा भरवसा राहिला नाही. फोन करावा तर माझा आवाज चढतो, मग तू "आत्या, शांत हो" म्हणतेस आणि मी आणखी चढते. म्हणून कागद. तूही कागदावरच उत्तर दे.

तुमच्या त्या ॲपपायी माझ्या वॉर्डातली पोर घरी बसलीय. "तुमच्या" म्हणते, कारण गेल्या जूनमध्ये कंपनीकडून तूच आमच्या हॉस्पिटलात आलीस आणि आम्हा बत्तीस जणींना ते शिकवून गेलीस. मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरत होते, ही माझ्या भावाची मुलगी, स्वतः नर्स आहे, आता पुण्याला मोठ्या कामाला लागलीय. मिरवून घेतलं मी. आता कुणी विचारलं तर विषय बदलते.

ज्योती तुला आठवेल. पारनेरकडची, बारीक चणीची, ट्रेनिंगला पहिल्या बाकावर बसून सगळे प्रश्न तीच विचारत होती. तेवीस जानेवारीला तिची सकाळची ड्युटी होती. चार नंबरच्या खाटेवर लंकाबाई म्हणून नेवासा तालुक्यातल्या एक बाई होत्या, आदल्या दिवशी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. साडेअकराच्या पुढं त्यांचं बीपी उतरायला लागलं. पूर्वी असं झालं की आम्ही डॉक्टरांना फोन करायचो, पाच मिनिटांत माणूस हजर. दिवाळीपासून नवा हुकूम निघालाय. फोन करायचा नाही. ॲपमधलं लाल बटण दाबायचं, म्हणजे डॉक्टरांना निरोप जातो आणि म्हणे नोंद राहते. तेही आपल्याच मोबाईलवर, आपल्याच रिचार्जवर.

आणि आमचा वॉर्ड तू बघितलायस. जुनं दगडी काम, दोन-दोन फुटी भिंती. रेंज येते ती फक्त नऊ नंबरच्या खाटेजवळच्या खिडकीत. म्हणजे पेशंट चार नंबरला गळाठलाय आणि सिस्टरनं नऊ नंबरला जाऊन, पाठ फिरवून, मोबाईल वर धरून उभं राहायचं. ज्योती तशीच उभी राहिली. लंकाबाईंचा मुलगा छगन खाटेच्या पायथ्याशी होता, त्यानं त्याचा व्हिडिओ काढला. पुढं कण्हणारी आई आणि मागं खिडकीत मोबाईलमध्ये बघणारी सिस्टर. खाली लिहिलं, "पेशंट मरतोय, सिस्टर मोबाईलवर." संध्याकाळपर्यंत अख्ख्या नगरनं बघितला. माझ्या दूधवाल्यानंसुद्धा.

डॉक्टर काही येईनात. शेवटी मीच जिना उतरून गेले आणि ओपीडीतून त्यांना जवळजवळ ओढून आणलं. लंकाबाई आयसीयूत गेल्या आणि वाचल्या, आठव्या दिवशी चालत घरी गेल्या. त्याबद्दल देवाचे आभार. पण हॉस्पिटलनं ॲपचा कागद काढला. त्यात लिहिलंय, लाल बटणाचा निरोप बारा वाजून सहा मिनिटांनी आला. मग हॉस्पिटलचे साहेब विचारतात, अकरा-चाळीसपासून सव्वीस मिनिटं ही मुलगी मोबाईलवर काय बघत होती? ज्योती म्हणते, मी लगेच दाबलं होतं. ती खाटेपाशी होती हे मी सांगितलं, तर मला म्हणाले, तुम्ही इन्चार्ज आहात, स्टाफची बाजू घेणारच.

मोबाईल हातात घेतलाच पाहिजे म्हणून सही करून घेणारे हेच, आणि मोबाईल हातात होता म्हणून घरी बसवणारेही हेच. हा कुठला न्याय, ते मला तू सांग.

चोवीस फेब्रुवारीला चौकशी आहे. विरोधात गेली तर नोकरी जाईलच, वर तिच्या रजिस्ट्रेशनबद्दल नर्सिंग कौन्सिलला लिहिणार आहेत. म्हणजे कुठंच नर्स म्हणून उभं राहता येणार नाही. पोर चोवीस वर्षांची आहे. तुमच्या कंपनीकडं खरी वेळ असणार. ती काढून दे. बाकी काही मागत नाही.

तुझी आत्या,
सारा

---

पुणे,
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या, सलाम.

पत्र मिळालं. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलं नाहीस, रिसेप्शनवरच्या मुलीनं चारदा विचारलं कुणाचं म्हणून. यापुढे खोलीच्या पत्त्यावर पाठव, मागे लिहिलाय.

ज्योतीचं वाचून वाईट वाटलं. पण आत्या, तू रागात आहेस आणि रागात सगळंच ॲपवर ढकलतेयस. तुमच्या हॉस्पिटलनं आमच्याकडून रिपोर्ट मागवला होता, तो मीच बघितला. निरोप १२.०६ लाच आलाय. बटण दाबल्यावर हिरवी खूण उमटेपर्यंत जागचं हलायचं नाही, हे मी ट्रेनिंगमध्ये दहा वेळा सांगितलं होतं. ज्योतीनं तर ते वहीत लिहून घेतलं होतं. मग ती का थांबली नाही? तिनं थांबायला हवं होतं.

दुसरं म्हणजे, बऱ्याच सीनियर सिस्टरांच्या मनात मोबाईलबद्दल अढी असते. आम्ही त्याचा सर्व्हे केलाय. नर्सेसचा दृष्टिकोन हाच सगळ्यात मोठा अडथळा निघतो. गंमत म्हणजे तुमच्या हॉस्पिटलातून सगळ्यांनी पाचपैकी पाच दिलेत, "ॲप वापरायला आवडतं, अडचण नाही, रुग्णांचा विश्वास वाढला." तुझ्यासुद्धा फॉर्मवर पाच आहे. मग आता मी कोणती सारा आत्या खरी मानू?

आतली माहिती बाहेर द्यायची परवानगी मला नाही. तसं केलं तर मला काढतील. पप्पांना हे सांगू नकोस, ते आधीच म्हणतात की वॉर्ड सोडून कशाला गेलीस.

तू खाटेपाशी असल्याचं सांगितलंस तेवढं पुरे आहे. तब्येत सांभाळ, पेन्शनला चारच महिने राहिलेत तुझ्या. उगीच अंगावर ओढवून घेऊ नकोस.

तुझी,
शॅरन

---

भिंगार,
१२ फेब्रुवारी २०२५

शॅरन,

तुझं पत्र वाचून मी चहा तसाच ठेवून उठले. "दृष्टिकोन". वा गं वा.

तुझा तो पाचपैकी पाचचा फॉर्म कसा भरला ते ऐक. जेवणाच्या सुट्टीत मेट्रननी आम्हाला ओळीनं उभं केलं आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. दर प्रश्नाला म्हणायच्या, "पाचवर टिचकी मारा, पुढे चला, वॉर्ड रिकामे आहेत." आम्ही मारल्या. मीही मारली. "रुग्णांचा विश्वास वाढला" यावर मारताना मला हसू आलं होतं, कारण सकाळीच एका म्हातारीनं मला सुनावलं होतं की सुईण बाई बऱ्या, त्या निदान तोंडाकडं तरी बघायच्या. ते तुझ्या फॉर्ममध्ये कुठं लिहायचं होतं? एक ते पाच आकड्यांत मावत होतं का ते?

आणि अढी म्हणशील तर ऐक. मला ॲपचा राग नाही. डॉक्टरांचं अक्षर लागत नाही म्हणून तेहतीस वर्षं मी औषधाच्या नावापाशी अडखळत आले. आता ते छापील दिसतं. लहान मुलाचा डोस ॲप काढून देतं. मागच्या वेळचा केस पेपर शोधायला रेकॉर्ड रूमच्या मामांच्या हातापाया पडावं लागत नाही. हे चांगलं आहे, आणि मी ते वॉर्डात सगळ्यांना सांगते. मला वापरता येत नव्हतं तेव्हा ज्योतीनंच आठ दिवस माझ्याजवळ बसून मला ते शिकवलं, एकदाही न वैतागता. आम्ही मोबाईलला घाबरत नाही. आम्ही घाबरतो ते लोकांच्या नजरेला. हातात सुई असली की सिस्टर काम करते, हातात मोबाईल असला की सिस्टर टवाळक्या करते, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते बदलायला तुमच्या कंपनीनं आणि आमच्या साहेबांनी काय केलं? एक पाटी लावली वॉर्डात? एकदा तरी पेशंटला सांगितलं की बाबा, हे आता आमचं रजिस्टर आहे?

रविवारी प्रार्थनेनंतर मी एसटीनं नेवाशाला आणि तिथून टमटमनं लंकाबाईंच्या वस्तीवर गेले. एकटी. म्हटलं, छगनला दोन शब्द ऐकवायचेच. वाटेत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. तर तो माणूस मला बघून उठून उभा राहिला, बसायला खुर्ची दिली. व्हिडिओचं काढल्यावर खाली मान घालून म्हणाला, "आमाला काय म्हाईत वो बाई, मोबाईलवर काम असतंय म्हनून. आमाला वाटलं पोरगी रील बघतीय. आई जातीय असं वाटलं, डोकं फिरलं माझं." त्यानं स्वतःचा व्हिडिओ कधीच पुसलाय. पण पुढं गेलेला कसा पुसणार. लंकाबाई आतून भिंत धरत आल्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं तोवर, ना हॉस्पिटलनं, ना मुलानं. त्या म्हणाल्या, त्या पोरीनं माझे पाय उचलून धरले होते, सलाईन मोठी केली, हात गार पडला होता तो चोळत बसली होती. "लई जीव लावला तिनं," म्हणाल्या. छगन उठून बाहेर गेला. माझी जुळवून ठेवलेली वाक्यं तशीच राहिली.

मी त्या बाईंचं म्हणणं लिहून घेतलंय, खाली अंगठा घेतलाय. साहेब म्हणाले, पेशंट अर्धवट शुद्धीत होता, हे ग्राह्य नाही.

ज्योतीला भेटायला पारनेरला गेले होते. तिनं मोबाईल बंद करून ट्रंकेत ठेवलाय. आठवडी बाजारात कुणीतरी तिच्या आईला विचारलं, तुझी पोरगी तीच का गं व्हिडिओतली, तेव्हापासून दोघी घराबाहेर पडत नाहीत. माझ्याशी चांगली बोलली. चहा केला. तक्रारीचा एक शब्द नाही. मला तर वाटलं, हिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू म्हणतेस नोकरी जाईल. जात असेल तर विचार कर, पण मला "दृष्टिकोन" शिकवू नकोस. तूही दोन वर्षं वॉर्डात काढलीयस. चौकशीला बारा दिवस राहिले.

सारा आत्या

---

पुणे,
१७ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र आलं. मग एक गोष्ट केली जी मी सगळ्यात आधी करायला हवी होती. व्हिडिओ बघितला. आधी बघितलाच नव्हता. ऑफिसात सगळे दाखवायला बघत होते आणि मी तोंड फिरवत होते.

बावीस सेकंदांचा आहे. इअरफोन लावून ऐकला. चौदाव्या सेकंदाला लंकाबाईंच्या कण्हण्यामागून एक आवाज येतो. "ज्योती, मोबाईल ठेव आधी! लाज वाटत नाही का, पेशंट बघ!" आणि ज्योती मोबाईल झटकन खिशात घालते आणि धावते.

हा आवाज मी लहानपणापासून ऐकत आलेय. आंघोळीला चल, अभ्यासाला बस, खोटं बोलू नकोस. तो तुझा आहे.

आत्या, तू दोन पत्रं लिहिलीस, एवढी मोठी, आणि हे एका ओळीनंही लिहिलं नाहीस. मी तुला विचारलं होतं की ज्योती हिरव्या खुणेपर्यंत का थांबली नाही. तू दूधवाल्यापासून लंकाबाईंपर्यंत सगळं लिहिलंस आणि त्याचं उत्तर गाळलंस. वर माझ्यावर चिडलीस. हॉस्पिटलनं आमच्या कंपनीला ज्योतीच्या नोटिशीची प्रत पाठवलीय, ती मी काल काढून वाचली. त्यात दुसराच मुद्दा असा आहे: "इन्चार्ज सिस्टरांनी मोबाईल ठेवण्याची समज दिली असताना." म्हणजे तुझं ओरडणं हा तिच्याविरुद्धचा पुरावा आहे. हे तुला माहीत होतं का? माहीत असणारच. नोटीस इन्चार्जच्या हातून जाते.

आता माझं ऐक, मीही काही धुतल्या तांदळाची नाही. तुमच्या हॉस्पिटलला दिलेल्या रिपोर्टमध्ये एकच वेळ आहे, निरोप पोचल्याची. पण मोबाईलवर बटण कधी दाबलं ती वेळही आमच्याकडे येते, ती वेगळ्या रकान्यात असते. छापताना तो रकाना आम्ही लपवतो, कारण दोन वेळांत फरक दिसला की गिऱ्हाईक तक्रार करतं. मी तुला ८ तारखेला लिहिलं तेव्हा तो रकाना उघडून बघितलाच नव्हता. परवा बघितला. ज्योतीनं लाल बटण दाबलं अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी. निरोप निघायला लागला, आणि रेंज तुटली. मोबाईल खिशात गेला होता. निरोप बारा-सहाला पोचला, ती पुन्हा खिडकीपाशी गेली तेव्हा.

आणि ती खिडकी. आठवतं का, जूनमध्ये रेंज शोधत वॉर्डभर मीच फिरले होते, आणि नऊ नंबरपाशी उभी राहून मीच ओरडले होते, "इथं येते, इथं या!" सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. मी परत आल्यावर लिहून दिलं होतं की या वॉर्डात रेंज नाही, रेंज वाढवायचं मशीन बसवल्याशिवाय लाल बटण सुरू करू नका. आमच्या कंपनीच्या साहेबांनी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. तुमच्याकडच्यांनीही. मी पुन्हा विचारलं नाही.

काल मी साहेबांना म्हटलं, दोन्ही वेळा चौकशीला पाठवू या. ते म्हणाले, चौकशीनं मागितलंय तेवढं दिलंय, जास्तीचं द्यायची गरज नाही, आणि तू त्या सिस्टरची नातेवाईक आहेस हे लक्षात ठेव.

मला काय करावं कळत नाही. तू काय करणार आहेस ते आधी सांग.

शॅरन

---

भिंगार,
१९ फेब्रुवारी २०२५

शॅरन,

हो. तो आवाज माझा आहे.

मी बारा नंबरच्या पेशंटचं ड्रेसिंग करत होते. वळून बघितलं तर ही खिडकीत, मोबाईल हातात. मी काही विचारलं नाही. सगळ्या नातेवाइकांसमोर ओरडले. ज्यांच्यावर मी गेल्या पत्रात चिडले होते ना, हातात मोबाईल म्हणजे टवाळक्या असं समजणारे लोक, त्यांच्यातली पहिली मी. छगनच्या शंकेवर शिक्का मारणारी मी. त्यानं तो व्हिडिओ लोकांना पाठवला तो माझं ओरडणं ऐकून, हे त्यानंच मला वस्तीवर सांगितलं. "तुमीच म्हन्लात ना बाई, लाज वाटत न्हाई का म्हनून." ते मी तुला लिहिलं नाही.

बटण दाबून झालं होतं हे मला माहीत नव्हतं, आईच्यान. पण मी तिला थांबवलं हे माहीत होतं. पहिल्या चार दिवसांत मी सांगितलं असतं तर गोष्ट इथवर आलीच नसती. साहेबांनी विचारलं होतं, आवाज कुणाचा. मी म्हटलं, गडबडीत आठवत नाही. मेट्रननी तो ओळखला आणि नोटिशीत "समज" म्हणून घातला, तेही मी खोडलं नाही. तेहतीस वर्षांत माझ्या फाइलला एक ठिपका नाही. मेमध्ये निरोप समारंभ आहे, मेट्रन म्हणाल्या होत्या की फाइल वाचून दाखवू. त्या फाइलपायी मी गप्प बसले. तुला सांगायलाही लाज वाटली, म्हणून तुझ्यावर ओरडत राहिले. ओरडायची सवय जुनी आहे माझी.

आता चोवीसला मी सांगणार आहे. तू काही पाठवू नकोस. माझ्या चुकीसाठी तुझी नोकरी जायला नको. माझ्या शब्दावर भागेल.

आत्या

---

पुणे,
२१ फेब्रुवारी २०२५

आत्या,

भागणार नाही. तू म्हणशील मी थांबवलं, ते म्हणतील इन्चार्ज पोरीला वाचवायला स्वतःवर घेतेय. बटण अकरा-एक्केचाळीसला दाबलं होतं, हे कागदावर दिसल्याशिवाय कुणी मानणार नाही.

दोन्ही वेळांचा कागद, आणि जूनमध्ये मी रेंजबद्दल लिहून दिलेल्या पत्राची प्रत, चौकशी समितीच्या नावानं आज स्पीड पोस्टानं टाकलीय. खाली माझं नाव, सही, आणि मी तुझी भाची असल्याचं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे मागून कुणी ते काढायला नको. मग साहेबांच्या टेबलावर त्याची एक प्रत नेऊन ठेवली. त्यांनी मला आतली माहिती बाहेर दिल्याबद्दल लेखी खुलासा मागितलाय आणि तोवर ट्रेनिंगवरून काढलंय.

पप्पांना मीच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, वॉर्ड सुटला तरी नर्स सुटली नाही म्हणायची.

तू माझ्यावर ओरडलीस त्याचं काही नाही. मला जे लिहिलंस ते ज्योतीला सांग.

शॅरन

---

भिंगार,
२६ फेब्रुवारी २०२५

चि. शॅरनला,
सलाम आणि मोठा पापा. तुझा कागद तेवीसला पोचला होता. चौकशीत तो वाचला.

सगळं नीट सांगते. समितीत पाच जण, तिकडच्या भिंतीला ज्योती आणि तिचे वडील. ते बिचारे टोपी मांडीवर ठेवून बसले होते. आधी नोटीस वाचली. "इन्चार्ज सिस्टरांनी समज दिली असताना" हे वाक्य आलं तेव्हा मी उभी राहिले. मला अजून बोलायला सांगितलं नव्हतं. मेट्रननी खाली बसा म्हणून हात केला.

मी म्हटलं, "ती समज नव्हती, साहेब. मी ओरडले. स्क्रीनवर काय आहे ते मी बघितलं नाही. ही डॉक्टरांना बोलवत होती आणि मी तिला थांबवलं."

मग तुझा कागद निघाला. अकरा-एक्केचाळीस. तो तिकडून इकडं फिरला, दोघांनी चष्मे बदलून वाचला. तुमच्या कंपनीचा माणूस आला होता, तो म्हणाला हा रकाना अंतर्गत वापराचा आहे. आमच्या सर्जननी, ज्यांना मी त्या दिवशी ओढून आणलं होतं त्यांनी, त्याला विचारलं की माझ्या पेशंटची वेळ तुमच्यासाठी अंतर्गत कशी काय. एवढं एकच वाक्य ते बोलले, पण मला बरं वाटलं. तुझं जूनचं पत्रही वाचलं. 

आणि एवढं होऊनही, शॅरन, शेवटी काय ठरवत होते ठाऊक आहे? नोकरी ठेवू, कौन्सिलला लिहिणार नाही, पण ज्योतीच्या फाइलला एक लेखी ताकीद लावू. कारण काय, तर निरोप पोचल्याची खात्री केली नाही. हॉस्पिटलची बदनामी झालीय, कुणाला तरी ताकीद द्यायलाच हवी, असं साहेबांनी चक्क बोलून दाखवलं. रेंज नसताना लाल बटण सुरू केलं त्यांना नाही. रकाना लपवला त्यांना नाही. दोन वर्षांच्या नोकरीतल्या पोरीला, जिनं पेशंटचे पाय धरून ठेवले तिला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण या वेळी ओरडले नाही. मी म्हटलं, ताकीद द्यायचीच असेल तर ती माझ्या फाइलला लावा. खात्री तिनं करायची राहिली ती माझ्यामुळे. साहेब म्हणाले, सिस्टर, तीन महिन्यांत तुम्ही रिटायर होताय, कशाला. मी म्हटलं, म्हणूनच लावा, मी आहे तोवर लावा. तिला लावणार असाल तर उद्यापासून आमच्या वॉर्डातली एकही सिस्टर स्वतःचा मोबाईल हॉस्पिटलच्या कामाला देणार नाही, तुम्ही घेऊन द्या. हे मी कुणाला न विचारता बोलले होते. बाहेर दाराशी आमच्यातल्या अकरा जणी ड्युटी सोडून आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, सारा सिस्टर बोलल्या ते आमचं सगळ्यांचं आहे.

ताकीद माझ्या नावानं टाइप झाली. मी वाचली, दोन ठिकाणी शब्द दुरुस्त करायला लावले आणि सही केली. रेंजचं मशीन बसेपर्यंत डॉक्टरांना फोन करायला परवानगी, असा हुकूमही त्याच दुपारी निघाला. वॉर्डात पाटी लावणार आहेत. तुमच्या कंपनीला हॉस्पिटलनं पत्र लिहिलंय की यापुढं दोन्ही वेळा हव्यात. तुझ्या खुलाशाला त्या पत्राची प्रत जोड. तरीही काढलं तर सरळ भिंगारला ये. नर्स कधी रिकामी बसत नाही.

आता राहिलेलं सांगते. ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले आणि तीन पानं टाळत आले.

सगळे पांगल्यावर व्हरांड्यात मी ज्योतीची माफी मागितली. तिच्या वडिलांसमोर मागितली. ती नुसती "असू द्या सिस्टर" म्हणत राहिली. मला राहवलं नाही. मी विचारलं, पोरी, महिनाभर तू घरात कोंडून घेतलंस, नोटीस आली, तरी एकदाही तू सांगितलं नाहीस की सारा सिस्टर ओरडल्या म्हणून मी मोबाईल ठेवला. का नाही सांगितलंस? माझी भीती वाटली का?

ती म्हणाली, "भीती नाही, सिस्टर. तुम्ही ओरडलात म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार, असं मला वाटलं. अजूनही शोधत होते, काय चुकलं ते."

 

उद्या तिला सकाळची ड्युटी दिलीय. माझीही सकाळचीच आहे.

तुझी आत्या,
सारा